धुतलेल्या पत्र्यावर हात

कुणाच्या घरी गेलो की आधी फाटक नखाने खरवडून बघायची मला खोड आहे. बायको मागून कोपर मारते, यजमान "या, या" करत उभे असतात, आणि मी बिजागरीपाशी वाकून रंगाची पापडी निघते का ते बघत असतो. निघाली की मला राग येतो. फाटकाचा नव्हे, ज्याने पत्रा नीट न धुता वरून रंग मारला त्याचा. एकदा मेहुण्याच्या नव्या घरी चहा येईपर्यंत मी एवढी पापडी काढली की तळहाताएवढा गंज उघडा पडला. तेव्हापासून मेहुणा माझ्या आधी फाटकापाशी येऊन उभा राहतो.

परभणीच्या एमआयडीसीत एका छोट्या शेडमध्ये पावडर कोटिंगचं काम चालतं. तिथे मी धुलाई बघतो. धुलाई म्हटलं की लोक हसतात, कपड्यांची वाटते. लोखंडी पत्रा गिरणीतून येतो तो तेल लावूनच येतो, नाहीतर वाटेतच गंजतो. ते तेल काढायला गरम साबणाची टाकी. मग साधं पाणी. मग गंज खायला तेजाब, म्हणजे ॲसिड, पुन्हा पाणी. शेवटी फॉस्फेटची टाकी, त्यातून पत्रा राखाडी होऊन बाहेर येतो. तो राखाडी थर रंगाला धरून ठेवतो. वाळलेला माल आकड्यांना टांगायचा, पुढे एक जण बंदुकीने त्यावर कोरडी पावडर उडवतो, आणि मग भट्टी. बघणाऱ्याला फक्त शेवटचा लाल किंवा निळा दिसतो. कुणी पाहुणा आला तर मालकसुद्धा त्याला थेट भट्टीपाशी नेतात. टाक्यांकडे कोण जातं, तिथे वाफ असते.

मी वाळूजच्या मोठ्या कारखान्यात सहा-सात वर्षं काढून आलो होतो. येताना डोक्यात कागद भरून आणले होते: कुठल्या टाकीला किती उष्णता, किती मिनिटं, किती थेंब टाकून पाणी तपासायचं. टाक्यांवर माझ्या आधीपासून एक गृहस्थ होते. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत. पिंगळीहून रोज सकाळच्या पॅसेंजरने येत, स्टेशनवरून सायकलने. साबणाच्या पाण्याने त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडलेली, नखं पिवळी. त्यांना कागद वाचता येत नव्हता, पण धुतलेल्या मालावर ते मगभर साधं पाणी ओतायचे आणि एक डोळा बारीक करून पत्र्याच्या अंगाने बघायचे. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर माल स्वच्छ. कुठे फाटलं, थेंब धरले, तर तिथे तेल आहे. तो नग परत टाकीत. माझे कागदही शेवटी हेच सांगत होते, फक्त मला ते मोठ्या शब्दांत शिकवलं होतं. मामा म्हणायचे, "पाण्याला विचारायचं भाऊ, मला कशाला विचारता."

मी बसणारा माणूस नाही. एका जागी पाच मिनिटं बसलो की माझा पाय हलायला लागतो. टाकीपासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून टाकीपर्यंत मी दिवसभर येरझाऱ्या घालतो, आणि येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला सगळीकडे चुकाच दिसतात. मामा एकदाच बघायचे. मी चारदा बघायचो आणि तरी मला त्यांच्याएवढं दिसायचं नाही, हे मला आता कळतं.

त्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, परभणीला आले होते. आमचं गाव चारठाण्याच्या पलीकडे. घरात मेंढरं आहेत, आजही आहेत, धाकटा भाऊ बघतो. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करायचं म्हणून आणलं, तर साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले आठ दिवसांनी बघू. आठ दिवसांनी पुन्हा म्हणाले आठ दिवसांनी बघू. आबा बेजार झाले. आमच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव गुदमरायचा. बायको अंगणवाडीत, पोरं आजोळी, घरात बोलायला भिंती. ते मला म्हणायचे, "बसून बसून अंग आंबायलंय. तिकडं मेंढरं काय करायलीत, देव जाणे." शेवटी मी त्यांना गाडीवर मागे बसवून शेडमध्ये न्यायला लागलो. वाळलेला माल टांगतो त्या रांगेशेजारी दार आहे, तिथे बरा वारा लागतो. तिथे त्यांची खुर्ची मांडली.

म्हातारा खुश झाला. आवाज होते, माणसं होती. मामांशी त्यांचं लगेच जमलं. दोघांत तंबाखू एकच, चुना मामांचा. पण एक गोष्ट मला खटकायची. मामा दोनदा आबांची खुर्ची उचलून पार भट्टीच्या पलीकडे, तयार माल उतरवतात तिथे ठेवून आले. तिकडे भट्टीची धग असते. मे महिन्यात म्हाताऱ्याला धगीला कशाला बसवता, असं मी जरा कडकच विचारलं. मामा म्हणाले, तिकडं त्यांना करमंल. मी खुर्ची परत वाऱ्याला आणली, आणि तिसऱ्यांदा हलवली तर बघा, असंही म्हणालो. मामा टाकीकडे वळले.

त्याच आठवड्यात जिंतूरच्या एका वर्कशॉपचं काम आलं होतं. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राच्या बियाण्याच्या पेट्या. सोयाबीनच्या पेरणीआधी यंत्रं शेतकऱ्यांच्या दारात उभी करायची होती, त्यामुळे त्यांचा फोन दिवसातून तीनदा. लाल रंगाच्या पेट्या भट्टीतून निघाल्या तेव्हा काहींवर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. मी बघितले. घाई होती, म्हटलं चालतंय. एका नमुना पेटीवर ब्लेडने कापे मारून, चिकटपट्टी लावून ओढून, रंग सुटतो का ते तपासलं. ती बरोबर निघाली आणि माल गेला.

दोन आठवड्यांत माल परत आला. टेम्पोवाल्याने पेट्या शेडच्या दारात उतरवल्या आणि वर्कशॉपवाला त्यातल्या एकीपाशी जाऊन उभा राहिला. नळ्या बसवताना बोल्ट आवळले होते आणि रंग पापडासारखा सुटला होता. वरच्या कडेला, तळव्याएवढे रुंद, हातभर लांबीचे पट्टे. खाली राखाडी पत्रा जसाच्या तसा. मालक घरून आले. सगळे जमले, पावडर मारणारा, माल टांगणारा, शेजारच्या शेडचा ठेकेदारही तमाशा बघायला आला. आबा त्यांच्या खुर्चीत होते. वर्कशॉपवाल्याने एकच विचारलं, धुतलं कुणी होतं.

तेव्हा मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी क्षणभरही थांबलो नाही. म्हणालो, धुलाई मामांची. साबणाची टाकी गार पडली असेल, किंवा वेळ पुरता दिला नसेल. मामा पुढे आले. त्यांनी सुटलेल्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, दुसरी पेटी बघितली, तिसरी बघितली. मग मान वर करून आबांकडे पाहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसासमोर शरम वाटायली. मी आणखी चढलो.

"तोंड का उघडत नाही? मामा, तुमचा हात आता कामातून गेला."

मामा म्हणाले, "माझं काम पाण्याला विचारा भाऊ." एवढंच. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मामांनी येऊ नये असं ठरलं, आणि ते मामांना मीच सांगितलं. त्यांनी गमबूट धुतले, टाकीच्या कठड्यावर उलटे ठेवले आणि डबा सायकलला लावून गेले. आबा मला गाडीवर म्हणाले, माणूस खोटा वाटत न्हाई रं. मी म्हणालो, तुम्हाला यातलं कळत नाही.

परभणीची एमआयडीसी केवढी ती. एका शेडमध्ये शिंकलं की दुसऱ्या शेडमध्ये सत्य म्हणतात. दोन दिवसांनी पावडर मारणाऱ्याने मला सांगितलं की मामा शेजारच्या ठेकेदाराकडे काम मागायला गेले होते. ठेकेदाराने दारातूनच परत पाठवलं. कच्च्या धुलाईचा माणूस नको म्हणाला. आणखी एका ठिकाणीही तेच झालं. ज्या माणसाकडे कागद नाही, सर्टिफिकेट नाही, त्याच्याकडे फक्त नाव असतं, आणि ते मी सगळ्यांसमोर काढून घेतलं होतं. हे मला तेव्हा कळत होतं, पण मी स्वतःला सांगत होतो की माल तर सुटला ना, मग चूक कुणाची?

धुलाई मीच करायला लागलो. परत आलेल्या पेट्यांचा रंग उतरवून पुन्हा सगळं पहिल्यापासून. टाकीची उष्णता दर अर्ध्या तासाला, वेळ घड्याळ लावून. वाफेने डोळे चुरचुरायचे, तेजाबाने घसा. माझा पाय तर आता उभ्यानेही हलायचा. साबणातून काढलेल्या प्रत्येक पेटीवर मी मगभर पाणी ओतत होतो आणि पाणी सलग उतरत होतं. म्हणजे मी मामांपेक्षा चांगलं धुतो, हे सिद्ध होत होतं. त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. जेवण जात नव्हतं, आणि बायको म्हणाली, तुम्ही एवढे खरे असाल तर एवढे तडफडता कशाला.

चौथ्या दिवशी दुपारी चहा पिताना आबा म्हणाले, "आज एक पेटी कोपऱ्यात आतून चेपलीय. मधल्या रांगेतली. बघितलीस का?"

मी बघितली नव्हती. उठून बघितली. टांगलेल्या रांगेत सातवी की आठवी, आतल्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा पोचा होता. समोरून दिसायचा नाही. मी चार वेळा त्या रांगेवरून गेलो होतो. आणि आबांना तर समोरच्या माणसाचं तोंडही धड दिसत नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, कसं म्हणजे, हातानं.

मेंढरं मोजू नयेत असं आमच्यात मानतात. मोजलं की कमी होतात. आबांनी जन्मात कधी आकड्याने कळप मोजला नाही. सकाळी वाड्याचं दार उघडलं की ते आडवे उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवरून तळहात फिरवायचे. शेवटचं बाहेर पडलं की त्यांना कळायचं, सगळी आहेत की एखादं राहिलं, कुणाच्या अंगात ताप आहे, कुणाला काटा रुतलाय. पाठीवरून हात फिरल्याशिवाय जनावर दारातून गेलं तर त्यांना दिवसभर चैन पडत नसे. आणि तो हात! वर्षानुवर्षं लोकरीचा चिकटपणा मुरलेला, त्यावर रोज सकाळ-दुपार करंजाचं तेल. मेंढरांच्या जखमांना लावायचं तेच ते स्वतःच्या भेगांना लावायचे. बाटली कोपरीच्या खिशात कायम. दुपारी मी टाकीकडे वळलो की म्हातारा खुर्चीतून उठत होता आणि टांगलेल्या राखाडी रांगेवरून, एकेका पेटीच्या पाठीवरून, हात फिरवत जात होता. भट्टीच्या दारातून जाणारा माल त्यांनी बिनहाताचा सोडला नव्हता.

मी रांगेतली पहिली पेटी काढली आणि वरून पाणी ओतलं. पाणी सलग आलं, वरच्या कडेशी फाटलं आणि चार बोटं आणि एक तळवा सोडून दोन्ही बाजूंनी उतरलं. दुसरीवर तेच. तिसरी मी बघितली नाही. पाय जागच्या जागी थांबला, तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला आबांवर ओरडायचं होतं आणि मी वळलो तर ते चहाची बशी पुसत, मान तिरकी करून, माझ्या दिशेने बघायचा प्रयत्न करत होते. विचारत होते, सापडली का चेपलेली. मी म्हणालो, सापडली.

तसाच गाडी काढून पिंगळीला गेलो. मामा अंगणात लिंबाखाली बाजेची नवार आवळत होते. मला बघून त्यांनी नवार सोडली नाही. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी वाकडंतिकडं सुरू केलं. माल पुन्हा तपासला, पाण्याने वेगळंच सांगितलं, असं काहीतरी. चुकलं हा शब्द जिभेपर्यंत यायचा आणि परत जायचा. मामांनीच मला सोडवलं.

"मला त्याच दिशी कळलं. चार बोटं अन् तळवा, तेवढाच रंग सुटला व्हता. आधी दोन-तीनदा बघितलं बी व्हतं त्यांना हात फिरवताना. तेवढ्या पेट्या मी परत धुतल्या, अन् खुर्ची तिकडं नेली."

मी विचारलं, मग तिथे बोलला का नाहीत. मामांनी नवारीला गाठ मारली.

"आबा समोर बसले व्हते. डोळ्यानं दिसत न्हाई म्हणून माणूस हातानं बघायलाय. त्याला पाच माणसांत कसं म्हणावं, तुमच्या हातानं माल नासला? तुमी बोललात ते मला लागलं. लय लागलं. दोन घास जाईनात. पण ते तुमच्या-माझ्यातलं व्हतं."

तिथे अंगणात माझे डोळे भरून आले. तेजाबाचं निमित्त सांगायलाही तिथे तेजाब नव्हतं. मी म्हणालो, उद्यापासून या. मामा म्हणाले, असं न्हाई. माझं नाव जितक्या माणसांत गेलं तितक्या माणसांत परत द्या. शेजारच्या शेडच्या ठेकेदारालाही बोलवा. पण आबांचं नाव मध्ये आलं तर मी पाय ठेवणार नाही. आणि त्यांची खुर्ची तयार माल उतरवतात तिथे मांडा, पंखा लावा, भट्टीतून निघालेल्या मालावर त्यांना काय हात फिरवायचा तो फिरवू द्या. पेट्या निवल्या की मग. तिथे त्याने काही बिघडत नाही, उलट पोचा असला तर त्यांनाच कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची हलवली. आबा कुरकुरले, तिकडं वारा चांगला होता. मी सांगितलं, इकडे तयार माल बघायला माणूस नाही, तुम्ही बघा. त्यावर ते लगेच ताठ बसले. मामा पॅसेंजरने आले, गमबूट चढवले आणि टाकीवर गेले, जसे रोज जातात. मी मालकांना बोलावलं होतं. चहाचं निमित्त करून ठेकेदारालाही आणलं होतं. काम थांबवून सगळे उभे राहिले. रात्री मनात भाषण जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

मी म्हणालो, "धुलाईत काही चूक नव्हती. मामांचं काम बरोबर होतं. वाळलेल्या पेट्यांना तेलकट हात लागले, म्हणून रंग सुटला. ते हात माझे होते. मामांबद्दल मी खोटं बोललो."

मालकांनी कपाळाला हात लावला. ठेकेदार मामांकडे बघून म्हणाला, मग उद्या आमच्याकडे या, आणि सगळे जरा हसले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात भट्टीच्या पलीकडून आबांची काठी जमिनीवर आपटली. ते उठून, भिंत चाचपत, आवाजाच्या रोखाने आमच्याकडे यायला लागले.

"हाताला तेल हाय हे कळत न्हाई तुला? येवढा शिकलास, वाळूजला राहिलास. तुझ्यापायी ह्या माणसाला कुणी दारात उभं करंना. ह्यांच्या जागी मी आसतो तर तुझं तोंड बघितलं नसतं."

पावडर मारणारा खाली बघत होता. त्याला माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. मी म्हणालो, "चुकलं, आबा."

"मला काय म्हणतूस? त्यांना म्हण."

मामा टाकीवरून उतरून आले होते. त्यांनी आबांचा तो तेलकट हात आपल्या हातात धरला आणि म्हणाले, "जाऊ द्या आबा. लेकरू हाय तुमचं. पुन्ना न्हाई करायचं."

"तुमी म्हणता म्हणून सोडतो," आबा म्हणाले. "न्हाईतर ह्याला मी घरी घेतला नसता."

मी मामांसमोर उभा राहिलो. पिंगळीच्या अंगणात न निघालेला शब्द आता निघाला, पण फार बारीक आवाजात. मग मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. मागून आबा म्हणाले, "आधी हात धू."